जुन्या शेव्हीची पेट्रोलची टाकी: सीटमागेच राहू द्यावी की हौद्याखाली न्यावी?

बापू_टेक्सास
मंडळी, इथे गाडीवेडे बरेच आहेत म्हणून हा धागा काढतोय. माझ्याकडे १९७० ची शेव्हरोले सी-१० आहे. लांब हौदा, ३५० व्ही-८, कार्बुरेटर. ज्यांनी ही गाडी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: १९६७ ते ७२ च्या या पिकअपला पेट्रोलची टाकी चक्क केबिनमध्ये असते. सीटच्या पाठीमागे, आडवी, केबिनच्या जवळजवळ पूर्ण रुंदीची. वीस गॅलनच्या आसपास, म्हणजे ७५ लिटर धरा. भरायचं तोंड ड्रायव्हरच्या दारामागे, केबिनच्याच पत्र्यावर.

उन्हाळ्यात टाकी फुल करून गाडी उन्हात उभी केली की आत वास येतो. सौ. बसायला तयार नाहीत, लेक नाक धरून बसते. आणि सीटमागे एक छत्रीसुद्धा ठेवायला जागा नाही.

माझ्यासमोर तीन रस्ते आहेत. (अ) मागच्या एक्सलच्या मागे, चासीच्या दोन रुळांच्या मधोमध टाकी बसवणे. त्याच काळातल्या शेव्हीच्याच ब्लेझर या जीपसारख्या गाडीला तिथेच असायची, आणि आता तयार किटही मिळतात. (आ) १९७३ नंतरच्या शेव्हीसारख्या रुळांच्या बाहेरून, हौद्याच्या कडेला दोन टाक्या. भंगारात स्वस्त मिळतायत. (इ) गप्प बसणे.

कुणी हे काम केलंय का? इंजिनावरचा मेकॅनिकल पंप एवढ्या लांबून पेट्रोल ओढेल का? आणि भरायचं तोंड कुठे काढावं?

नाना_नाशिक
बापू, आमच्या महिंद्राच्या सीजे-३बी जीपला टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असायची. मी त्या टाकीवर बसून अख्खा तालुका फिरलोय. काटा बंद होता, त्यामुळे पेट्रोल किती आहे ते बघायला काठी घालायची. शेजारी बसलेल्या तलाठ्याने विडी काढली की मी गाडी थांबवून त्याला खाली उतरवायचो, एवढीच काय ती सुरक्षा. तुमच्याकडे निदान टाकी पाठीशी आहे!

वऱ्हाडी_ठेचा
बुलेटवाले मांडीत घेऊन फिरतात ते कुणाला दिसत नाही. (ह. घ्या.)

गौरी_मिशिगन
बापू, मी फ्युएल सिस्टिममध्येच काम करते, म्हणून आधी तुमचा (आ) पर्याय खोडून टाकते. स्वस्त मिळतायत म्हणून त्या टाक्या अजिबात घेऊ नका.

१९७३ ते ८७ च्या जीएमच्या (जनरल मोटर्स, शेव्हरोलेची मालक कंपनी) पिकअपमध्ये टाकी चासीच्या रुळाबाहेर होती. म्हणजे कडेने गाडी आदळली की मध्ये फक्त हौद्याचा पत्रा. त्यावरून अमेरिकेत खूप खटले झाले. अटलांटाच्या ज्युरीने १९९३ मध्ये एका कुटुंबाला १० कोटी डॉलरहून जास्त भरपाई द्यायला सांगितली होती. शेवटी १९९४ मध्ये सरकारशी तडजोड झाली: जीएमने सुरक्षेच्या कार्यक्रमांसाठी ५ कोटी डॉलरच्या वर रक्कम द्यायची आणि गाड्या परत बोलवायच्या नाहीत. म्हणजे त्या टाक्या होत्या तिथेच राहिल्या, आणि त्यातल्याच आता तुम्हाला भंगारात दिसतायत.

टाकी रुळांच्या आत असली पाहिजे, हा पहिला नियम. बाकी चर्चा नंतर.

कार्बुरेटर_काका
गौरीताई, अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच ट्रकवर एनबीसी या टीव्ही चॅनलने नोव्हेंबर १९९२ मध्ये कार्यक्रम केला आणि टक्कर झाली की आग लागावीच म्हणून ट्रकखाली खेळण्यातल्या रॉकेटची इंजिनं लावून ठेवली होती. जीएमने दावा ठोकल्यावर फेब्रुवारी १९९३ मध्ये चॅनलने त्याच कार्यक्रमात माफी मागितली. आणि तो अटलांटाचा निकाल पुढे अपिलात रद्द झाला. मीडियाने भूत उभं केलं की लोक वर्षानुवर्षं घाबरत बसतात.

गौरी_मिशिगन
काका, दोन्ही खरं आहे. चॅनलने लबाडी केली, आणि टाकीची जागाही वाईटच होती. एकामुळे दुसरं खोटं ठरत नाही. १९८८ च्या नव्या मॉडेलला जीएमने टाकी रुळांच्या आत आणली. हौस म्हणून नाही आणली.

कार्बुरेटर_काका
बरं बाई, हे मान्य.

वऱ्हाडी_ठेचा
काकांनी मान्य केलं! ॲडमिन, धागा पिन करा.

सातारी_मिरची
मला एक शंका आहे. (अ) मध्ये टाकी एक्सलच्या मागे, म्हणजे मागच्या बंपरच्या अगदी जवळ. फोर्ड पिंटोचं प्रकरण हेच ना? मागून धडक बसली की टाकी पुढे सरकून डिफरन्शियलच्या बोल्टांवर आदळायची आणि फाटायची. १९७८ मध्ये फोर्डने १५ लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या होत्या. मग बापूंनी पाठीमागची टाकी काढून पिंटो का करायची? केबिनच्या मागे तब्बल आठ फुटांचा हौदा आहे. मागून कुणी ठोकलं तर तो हौदा आधी मार खाणार. माझ्या मते मूळ जागाच बरी.

गौरी_मिशिगन
सातारी, प्रश्न अगदी रास्त आहे. दोन फरक सांगते. पिंटोला शिडीसारखी स्वतंत्र चासी नव्हती, सी-१० ला आहे. पिंटोच्या टाकीला लपायला मागे काहीच नव्हतं, इथे दोन्ही बाजूंनी जाड रूळ आणि मागे आडवा पट्टा. म्हणून टाकी त्या मागच्या आडव्या पट्ट्याच्या आत, जितकी पुढे येईल तितकी पुढे घ्यायची, आणि एक्सलच्या बाजूला एकही टोकदार बोल्ट किंवा ब्रॅकेट तिच्याकडे रोखलेला ठेवायचा नाही. पिंटोवर कंपनीने उपाय काय केला माहीत आहे? टाकी आणि एक्सलच्या मध्ये प्लास्टिकची ढाल, आणि धडकेत टाकीतून निसटू नये म्हणून भरायची नळी लांब केली. एवढंच. ती नळी निसटणं ही गोष्ट लोक विसरतात. तुमची नवीन नळीसुद्धा धडकेत ओढली जाऊ नये अशी सैल आणि लवचीक हवी.

मूळ जागेबद्दल: मागून धडक बसली तर ती जागा बरी, हे मी पण म्हणेन. पण गाडी उलटली किंवा दारावर आदळली तर पेट्रोल माणसांच्याच खोलीत सांडणार. तुम्ही कुठल्या अपघाताला जास्त घाबरता, त्यावर उत्तर अवलंबून आहे. इंधन सांडण्याबद्दलचा अमेरिकन नियम, क्रमांक ३०१, १९६८ पासून आला तोसुद्धा फक्त मोटारींसाठी. १९७० च्या पिकअपला तो लागूच नव्हता. त्यामुळे कंपनीने विचार करूनच ठेवली असेल असं काही समजू नका. तिथे जागा होती, पंपापर्यंतची नळी आखूड होती, काम स्वस्तात होत होतं.

जुनं_ते_सोनं
थोडा वेगळा सूर लावतो. बापू, तुमची तक्रार वासाची आहे. वास ही टाकीच्या जागेची तक्रार नाही, गळतीची आहे. पन्नास वर्षांपूर्वी शोरूममधून निघाली तेव्हा गाडीत वास येत होता का? नसणार. मग आधी तो कुठून येतो ते शोधा.

सीट काढा. चार बोल्ट आहेत, तासाचं काम. टाकीवरचं पुठ्ठ्याचं झाकण काढा. आता बघा: भरायची नळी केबिनच्या पत्र्यातून बाहेर जाते तिथे रबराचा गोल आहे, तो बोटाने दाबला की चुरा पडतो का? काट्याचा सेंडर (पेट्रोलची पातळी काट्याला कळवणारा भाग) टाकीत बसतो त्याखालचं गॅस्केट ओलं आहे का? टाकीतून निघणाऱ्या आखूड रबरी नळ्या वाकवून बघा, भेगा दिसतात का? बाहेरचं झाकण नीट बसतं का, वळणावर पेट्रोल पत्र्यावर ओघळून रंग गेलाय का? यातलं काहीतरी एक सापडेलच. हल्लीच्या दहा टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं रबर लवकर खलास होतं.

हा सगळा माल पन्नास डॉलरच्या आत येतो. आणि तुम्ही हजार डॉलर घालून, केबिनच्या पत्र्यातलं भोक बुजवून, हौद्याची लाकडं कापून मूळ गाडी घालवून बसणार. आज सी-१० च्या किमती कुठे गेल्यात ते बघा. न छेडलेली गाडी घेणारा दोन पैसे जास्तच देतो.

रम्य_फ्रेस्नो
सोनंभाऊ, किमतीचं तितकं पटलं नाही. कॅलिफोर्नियात तरी टाकी मागे नेलेली सी-१० विकताना ती गोष्ट जाहिरातीत ठळक लिहितात, दोष म्हणून लपवत नाहीत. म्युझियमच्या गाडीची गोष्ट वेगळी.

मी हेच काम माझ्या १९७१ च्या फोर्ड एफ-१०० वर केलंय. तिलाही टाकी केबिनमध्ये होती. फोर्डवाले मंडळी ६५-६८ च्या मस्टँगची टाकी वापरतात, सोळा गॅलनची. मीही तीच बसवली. टाकी बसवणं हा सगळ्यात सोपा भाग निघाला. खरा ताप भरायच्या तोंडाचा.

तीन जागा असतात. एक, हौद्याच्या तळाला झाकण. दोन, हौद्याच्या कडेच्या पत्र्यात दार कापून. तीन, मागे नंबरप्लेट किंवा टेललाइटच्या मागे लपवून. मी पहिली घेतली, कारण बाहेरचा पत्रा कापायला हात धजावेना. दिसायला झकास. मग एका शनिवारी बायकोने बागेसाठी घोड्याची लीद भरून आणायला सांगितली. हौदा काठोकाठ. परत येताना काटा खाली टेकलेला, पंपावर उभा राहिलो, आणि तोंड लिदीखाली. पंपावर फावड्याने लीद उपसून पेट्रोल भरणारा मी एकटाच इसम असेन. मागच्या गाडीतल्या म्हाताऱ्याने उतरून फोटो काढला.

गाडी फक्त मिरवायला असेल तर तळाचं झाकण. माल वाहणार असाल तर कडेचं दार.

वऱ्हाडी_ठेचा
लीद अनलेडेड होती का?

नाना_नाशिक
😂😂 ठेचाभाऊ, दंडवत.

बापू_टेक्सास
रम्य, हसून हसून पुरेवाट. माझी गाडी माल वाहते, महिन्यातून एकदा तरी गवताचे गठ्ठे असतातच. म्हणजे तळाचं झाकण बाद.

सोनंभाऊ, तुम्ही म्हणालात तसं सीट काढून बघितलं. भरायच्या नळीभोवतीचं रबर हातात भुग्यासारखं आलं, सेंडरखाली ओल आहे. दोन्ही मागवतोय. पण टाकी हलवायचा विचार अजून सोडलेला नाही, कारण सीट काढल्यावर सौ.नी आत डोकावून जी जागा पाहिली ती आता त्यांच्या डोक्यातून जात नाही.

प्रभात_रोड_पुणे
चर्चा वाचून एक प्रश्न: हे असलं काम इथे भारतात जुन्या गाडीवर केलं तर आरटीओ काय म्हणेल? काकांची जुनी पिकअप आहे, टाकी सडली आहे, मागे दुसरी बसवायचा विचार आहे.

वकीलसाहेब
पुणेकर, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवर नोंदलेले तपशील मूळ कंपनीच्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये ते बजावून सांगितलं. सडलेल्या टाकीच्या जागी तशीच टाकी बसवणं ही दुरुस्ती झाली, त्याला कुणी हरकत घेणार नाही. जागा बदलायची असेल तर आधी आरटीओत विचारून लेखी घ्या.

गाडी पन्नास वर्षांच्या वरची असेल तर २०२१ पासून व्हिंटेजची वेगळी नोंदणी आहे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २० हजार रुपये. पण तिथे अटच अशी की गाडी मूळ रूपात हवी, मोठे फेरफार केलेले नकोत. टाकी हलवलीत तर त्या रांगेत उभं राहणं अवघड.

प्रभात_रोड_पुणे
धन्यवाद साहेब. म्हणजे तशीच टाकी शोधणं आलं. जुन्या बाजारात चक्कर मारतो.

कार्बुरेटर_काका
आमच्या टेक्सासात २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीच बंद झालीये. कॅलिफोर्नियात ७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना धुराची तपासणी नाही. तेव्हा बापू, तुम्हाला अडवणारं कुणी नाही, फक्त सौ. आहेत. आणि त्या तर तुमच्याच बाजूने!

आता पंपाबद्दल, कारण मूळ प्रश्न तोही होता. ओढेल. ब्लेझर त्याच मेकॅनिकल पंपावर चालायची. मात्र एक फरक पडतो: आत्ता टाकी पंपाच्या वर आहे, तळाशी येईपर्यंत पेट्रोल आपसूक उतरतं. मागे नेली की पंपाला लांबून आणि खालून ओढावं लागतं. ओढताना नळीत दाब कमी होतो, कमी दाबाला पेट्रोल लवकर उकळतं, आणि टेक्सासचा ऑगस्ट. त्यात नळी सायलेन्सरच्या पाइपाजवळून गेली की संपलंच, सिग्नलला गाडी गुदमरून बंद. म्हणून:

नळी ३/८ इंचाची स्टीलची घ्या. ज्या रुळावरून सायलेन्सर जात नाही तिथून न्या. तुमच्याकडे डबल पाइप असतील तर दोन्ही बाजूंना एक्झॉस्ट आहे, मग रुळाच्या आतल्या खोबणीत चिकटवून न्या आणि पत्र्याची ढाल लावा. दर फूट-दीड फुटावर रबर लावलेली क्लिप. रबरी नळी फक्त दोन टोकांना, वीतभर. कार्बुरेटर असेल तर जे३०आर७ लिहिलेली चालते. पुढे कार्बुरेटर काढून फ्युएल इंजेक्शन करणार असाल तर आजच जे३०आर९ घ्या, परत खाली झोपायला नको.

गौरी_मिशिगन
काकांना अनुमोदन. फक्त इंजेक्शनचा विचार खरंच असेल तर आत्ताच टाकीत पंप असलेली, आतून आडपडदे असलेली टाकी घ्या. कार्बुरेटरला सहा-सात पीएसआय दाब पुरतो, जीएमच्या इंजेक्शनवाल्या एलएस इंजिनाला ५८ लागतो. बाहेर लटकवलेला इलेक्ट्रिक पंप मागून ढकलतो बरा, पण ओढायला कच्चा. तो टाकीच्या जवळ आणि टाकीच्या तळाच्या पातळीला हवा. लोक सोयीसाठी तो इंजिनाजवळ लावतात आणि मग पंप खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडतात.

हवेली_लालन
मी फक्त पॉपकॉर्न घेऊन बसले होते, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. माझे वडील गॅरेज चालवायचे. टाकी रिकामी करून काढली की लोकांना वाटतं धोका टळला. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी वाईट. आत द्रव नसतो, वाफ असते, आणि हवेत दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की ठिणगी पुरते. ती वाफ हवेपेक्षा जड, ती गॅरेजच्या फरशीवरून सरकत गीझरपर्यंत जाते. माझ्या लहानपणी आमच्याच गल्लीतल्या एका माणसाने रिकाम्या टाकीला डाग मारायला गॅसबत्ती लावली होती. भोवतीच्या पत्र्याच्या शेडचं छप्पर गेलं, माणूस वाचला, पण दाढी आणि भुवया परत कधी नीट आल्या नाहीत.

बापूकाका, टाकी काढताना गॅरेजचं दार उघडं, गीझरची ज्योत बंद, बॅटरीची तार सुटी. पेट्रोल शेवटच्या थेंबापर्यंत पंपाने धातूच्या कॅनमध्ये, आणि कॅन जमिनीवर ठेवून, पिकअपच्या हौद्यात ठेवून नाही. हौद्यात प्लास्टिकचा अस्तर असेल तर स्थिर वीज साचते. आणि केबिनमधलं जुनं भोक बुजवायला वेल्डिंग कराल ते टाकी गॅरेजच्या बाहेर नेल्यावरच.

बापू_टेक्सास
लालन, हे छापून गॅरेजच्या भिंतीवर लावतोय. गीझरचा विचार खरंच केला नव्हता, तो गॅरेजातच आहे.

नाना_नाशिक
लालनताई, तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. असे मेस्त्री आता कुठे!

सातारी_मिरची
मी अजूनही मूळ जागेच्याच बाजूने आहे, पण एक विचारतो. काट्याचं काय? जुना काटा नव्या टाकीवर चालेल?

रम्य_फ्रेस्नो
इथे लोक हमखास फसतात. काटा म्हणजे फक्त ओहम वाचणारा. जीएमच्या १९६५ नंतरच्या गाड्यांना रिकामी टाकी ० ओहम, फुल ९० ओहम. त्याआधीच्या जीएमला ० ते ३०. फोर्डचं उलटं: रिकामी ७३, फुल १०. आणि बाजारात मिळणारे बरेच ‘युनिव्हर्सल’ सेंडर २४० ते ३३ चे. बापूंनी २४०-३३ चा सेंडर बसवला तर टाकी आटत जाईल तसा काटा वर चढत जाईल. माझ्याकडे फोर्डला फोर्डचीच टाकी, म्हणून जमलं. सेंडर घेताना ०-९० मागा, आणि बसवायच्या आधी मीटर लावून फ्लोट हाताने वर-खाली करून बघा.

दुसरं म्हणजे अर्थिंग. केबिनमधली टाकी बोल्टने पत्र्याला लागलेली असते, अर्थ आपोआप मिळतो. मागची टाकी रबराच्या पट्ट्यांवर बसते. तिला चासीपर्यंत वेगळी तार द्यावी लागते. ती विसरलात तर सर्किट उघडं राहतं आणि शेव्हीचा काटा फुलच्याही पुढे जाऊन आडवा होतो. लोक नवीन सेंडर आणतात, मग नवीन काटा आणतात. हवी असते तार.

सातारी_मिरची
फुलच्या पुढे काटा! आमच्या गावातल्या रिक्षावाल्यांना हे कळता कामा नये.

गौरी_मिशिगन
रम्यने काटा सांगितला, मी हवा सांगते आणि मग झोपते.

टाकीतून पेट्रोल गेलं की त्याच्या जागी हवा आली पाहिजे. जुन्या टाकीला ती झाकणातून येते. नव्या टाकीला वेगळी श्वासनळी असेल तर झाकण बंद प्रकारचं घ्या. दोन्ही बंद झालं तर गाडी काही मैल छान चालते आणि मग कार्बुरेटर उपाशी. झाकण उघडलं की सुस्सकन आवाज येतो, तोच पुरावा. श्वासनळी टाकीच्या वरच्या टोकापेक्षा उंच न्यायची, गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व्ह लावायचा, आणि तोंड खाली वळवायचं. शक्य असेल तर पेट्रोलची वाफ शोषणारा कोळशाचा डबा लावा, म्हणजे वासाची तक्रार मागच्या अंगणात जाणार नाही. १९७० पासून कॅलिफोर्नियात विकलेल्या नव्या गाड्यांना टाकीची वाफ अडवणारी व्यवस्था सक्तीचीच होती.

भरायची नळी कडेच्या दाराने आणणार असाल तर तिला सतत उतार हवा. मध्ये पोट पडलं की तिथे पेट्रोल साचतं, हवा अडकते, पंपाची नोझल दर लिटरला खट्कन बंद होते. टाकीच्या वरून एक बारीक नळी भरायच्या तोंडाच्या वरच्या बाजूला जोडली की हवा तिथून निघते. एफ-१०० ला रम्यने हे केलंय का?

रम्य_फ्रेस्नो
केलंय. आधी नव्हतं केलं, ज्या दुकानात काम दिलं होतं त्यांनी ती बारीक नळी बूच मारून बंद केली होती. टाकी भरायला एवढा वेळ लागायचा की पंपावरच्या पोऱ्याची आणि माझी दोस्ती झाली.

जुनं_ते_सोनं
एवढं सगळं वाचूनही कुणाला ती टाकी हलवावीशी वाटत असेल तर त्याला माझा सलाम. तरी एक विनंती: बापू, मूळ टाकी, झाकण, पुठ्ठा, स्क्रू सगळं एका खोक्यात ठेवा. केबिनमधलं भोक वेल्डिंगने बुजवू नका, बोल्टवाली प्लेट मिळते ती लावा. उद्या पोरीला गाडी मूळ करायची असेल तर वाट उघडी राहील.

बापू_टेक्सास
सोनंभाऊ, हे पटलं. रबर आणि गॅस्केट बदलून आता दोन आठवडे झाले, वास पूर्ण गेला. तेव्हा तुमचं निदान बरोबर होतं हे इथे लिहून टाकतो. आता कारण उरलंय ते जागेचं आणि मान वळवली की पेट्रोल, याचं. तरीही करायचं ठरवलंय.

ठरलेलं असं: रुळांमधली टाकी, ०-९० चा सेंडर, स्टीलची नळी, कार्बुरेटर तसाच. भोकाला बोल्टवाली प्लेट. तोंड हौद्याच्या कडेला, ड्रायव्हरच्या बाजूला. टाकी मागे गेल्यावर फुल असताना पन्नास-पंचावन्न किलो वजन एक्सलच्या मागे येतं. रिकाम्या हौद्याची ही गाडी पावसात मागून घसरते, त्यामुळे ते माझ्या पथ्यावरच पडेल असं वाटतं.

कार्बुरेटर_काका
थोडं पडेल, फार अपेक्षा ठेवू नका. पेट्रोल संपत आलं की तेही गेलं. पावसात चांगले टायर घ्या.

वऱ्हाडी_ठेचा
बापू, ज्या जागी टाकी नेताय तिथे सध्या काय लटकलंय?

बापू_टेक्सास
...स्टेपनी.

वऱ्हाडी_ठेचा
मग ती कुठे जाणार?

नाना_नाशिक
सीटमागे! आता जागा झालीये ना!

रम्य_फ्रेस्नो
नाना, १५ इंची चाक सीटमागे मावत नाही, मी प्रयत्न केलाय. हौद्यात पुढच्या भिंतीला उभी लावतात. ब्रॅकेट मिळतो, पण कुलूप चांगलं घ्या. कॅलिफोर्नियात माझी एक गेली.

सातारी_मिरची
आणि सौ.ना सीटमागच्या जागेत काय ठेवायचंय, हे बापूंनी अजून सांगितलेलं नाही.

बापू_टेक्सास
घडीच्या खुर्च्या, लेकीचा सॉफ्टबॉलचा किट आणि एक कूलर. मी सबवूफर म्हणालो होतो, तो ठराव मंजूर झाला नाही.

कडेचा पत्रा कापायच्या आधी मागच्या चाकाच्या कमानीपासून किती अंतर सोडावं, त्याची मापं घेऊन इथे टाकतो. गौरी, उतार पुरेल का ते बघून सांग. आणि रम्य, ते स्टेपनीचं कुलूप कुठलं घेतलंस?

रम्य_फ्रेस्नो
चोरी झाल्यावरचं की आधीचं?